टोचलेल्या पेशी जातात कुठे?

पुणे-बंगळूर महामार्गावर कऱ्हाडला खेटून असलेलं मलकापूर देशभरात ठाऊक झालं ते चोवीस तास पाणी देणाऱ्या नळयोजनेमुळे. पाटण, शिराळा, कडेगावकडच्या माणसाला मात्र मलकापूर म्हटलं की आधी आठवतं ते कृष्णा हॉस्पिटल. जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं इथलं वैद्यकीय महाविद्यालय 1984 मध्ये सुरू झालं. 2005 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आता ती कृष्णा विश्व विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. अशा रुग्णालयांच्या आवारात ‘एमआरआय सांगितलाय, कॉन्ट्रास्ट देऊन’ हे वाक्य आज कुणाला नवं राहिलेलं नाही. हाताच्या शिरेत सुई, थोडंसं औषध, यंत्राची धडधड आणि दुसऱ्या दिवशी फिल्म. कॉन्ट्रास्ट म्हणजे काहीतरी ‘उठून दिसायला’ टोचतात, एवढं नातेवाइकांनाही माहीत असतं.

हे औषध रक्तातून फिरतं, गाठीत किंवा सुजेच्या जागी थोडं रेंगाळतं आणि मूत्रपिंडं धड असतील तर एका दिवसात बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. ते दाखवतं एखादी जागा. आता प्रश्न असा, की हाच कॉन्ट्रास्ट एखाद्या जिवंत पेशीच्या पोटात भरता आला तर? मग ती पेशी शरीरात सोडायची आणि ती कुठे जाते ते बाहेरून बघत राहायचं. गेली तीसेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा याच खटपटीत आहेत.

ही हौसेची खटपट नाही. पूर्वी औषध म्हणजे गोळी, पातळ औषध किंवा इंजेक्शन. आता जिवंत पेशी हेच औषध झालं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांच्या सहकार्यातून तयार झालेली ‘नेक्सकार-19’ ही भारतीय बनावटीची कार-टी पेशी उपचारपद्धती घ्या. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढतात, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचा गुण जनुकबदल करून त्यांना देतात आणि त्या पुन्हा शिरेतून सोडतात. रक्ताचा नमुना तपासला की या पेशी रक्तात किती आहेत ते कळतं. पण किती अस्थिमज्जेत गेल्या, किती फुप्फुसात अडकल्या, किती लसिकाग्रंथींत पोचल्या, हे रक्ताच्या चाचणीत उमटत नाही. गोळी रक्तात विरघळते आणि सगळीकडे पसरते. पेशी विरघळत नाही. ती कुठेतरी जाते, थांबते, वाढते किंवा मरते. म्हणून ‘गेली कुठे?’ हा पेशी-उपचारातला पहिला प्रश्न ठरतो.

यंत्र पाहतं ते पाणी

खूण कशी करायची हे कळण्याआधी एमआरआय पाहतो काय, हे थोडं समजून घ्यायला हवं. आपल्या शरीराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असतो आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हा एक अतिसूक्ष्म चुंबकच. एरवी हे कोट्यवधी चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. रुग्णालयातल्या 1.5 टेस्ला यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून मोठं असतं. त्यात शिरल्यावर हे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने किंवा बरोबर उलट दिशेने लागतात. दोन्ही बाजूंचा फरक अगदी किरकोळ असतो, दहा लाखांमागे पाचेक प्रोटॉनांचा. पण प्रोटॉनांची एकूण संख्या इतकी प्रचंड आहे की तेवढ्या फरकावर चित्र काढता येतं.

मग यंत्र सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. प्रोटॉन ती ऊर्जा घेतात, कलतात आणि लहर थांबली की मूळ जागी परततात. परतताना ते जो संकेत देतात तो यंत्र टिपतं. मूळ दिशेला परत लागायला जो वेळ लागतो त्याला टी-1 म्हणतात. सगळे प्रोटॉन एका तालात फिरत असतात, तो ताल मोडायला लागणारा वेळ टी-2. चरबी, मेंदू, स्नायू, सूज, प्रत्येकाचे हे दोन वेळ निराळे असतात आणि या निराळेपणातूनच काळ्यापांढऱ्या छटा तयार होतात.

या शास्त्राशी मुंबईचा संबंध फार जुना आहे. अणुकेंद्राचं हे चुंबकीय अनुनादन फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. 1952 चं नोबेल त्यांना मिळालं. ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटात एस. एस. धर्मट्टी हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. इथाइल अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळे संकेत देतात, हे दाखवणाऱ्या 1951 च्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी ते एक. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचं काम उभं केलं. माणसाचं चित्र काढण्यापर्यंत मजल जायला अजून वेळ होता. पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या नळ्यांचं पहिलं चित्र 1973 मध्ये प्रसिद्ध केलं. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं ते 2003 मध्ये.

उजळ करणारं एक, काळं करणारं दुसरं

कॉन्ट्रास्ट स्वतः चित्रात दिसत नाही. तो शेजारच्या पाण्याचं वागणं बदलतो आणि आपल्याला दिसतो तो हा बदल. रोजच्या वापरातला कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियम या धातूचा असतो. गॅडोलिनियमच्या आयनात जोडी न लागलेले सात इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे जवळ आलेल्या पाण्याचे प्रोटॉन झटकन मूळ दिशेला परततात, म्हणजे टी-1 कमी होतो आणि ती जागा उजळते. मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून तो एका मोठ्या रेणूत घट्ट जखडून देतात. अशा पहिल्या औषधाला अमेरिकेत 1988 मध्ये मंजुरी मिळाली. मूत्रपिंडं फार बिघडलेल्या काही रुग्णांत या औषधानंतर कातडी आणि आतल्या ऊती ताठ होण्याचा गंभीर विकार होतो, हे 2006 मध्ये लक्षात आलं. तेव्हापासून कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागण्याची दक्षता वाढली.

पेशीत भरायला मात्र गॅडोलिनियम तितकासा उपयोगी पडत नाही. पेशीच्या आतल्या लहानशा पिशव्यांत तो कोंडला गेला की भोवतालच्या पाण्याशी त्याची गाठ कमी पडते आणि परिणाम मंदावतो. शिवाय महिनोन्महिने पेशीत राहिल्यावर तो जखडलेल्या रेणूतून सुटेल, ही धास्ती असतेच.

म्हणून संशोधक लोहाकडे वळले. लोहाच्या ऑक्साइडचे कण काही नॅनोमीटर इतके बारीक केले, की त्यांच्यात एक खास गुण येतो. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेल तेव्हा ते जोरदार चुंबक होतात आणि क्षेत्र हटलं की चुंबकपणा विसरतात. त्यामुळे एरवी ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. यांच्यावर डेक्सट्रान या साखरेच्या साखळीचं वेष्टण चढवतात. असा कण यंत्रात गेला की त्याच्या भोवतालचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतं, शेजारच्या प्रोटॉनांचा ताल पटकन मोडतो आणि त्या जागी संकेत बुडतो. चित्रात काळा ठिपका उमटतो.

या काळ्या ठिपक्याची गंमत अशी, की तो कणापेक्षा आणि पेशीपेक्षाही पुष्कळ मोठा दिसतो. पेशीचा व्यास साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरचा पन्नासावा भाग. रुग्णालयातल्या एमआरआयच्या चित्रातला एक चौकोन एक मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तेवढ्या जागेत लाखो पेशी मावतात. एरवी त्यातली एक पेशी वेगळी दिसणं अशक्य. पण लोहाने बिघडवलेलं क्षेत्र पेशीच्या बाहेर दूरवर पसरतं. 2006 पर्यंत प्राण्यांवरच्या खास संशोधन-यंत्रांत उंदराच्या मेंदूतली एकेक खूण केलेली पेशीसुद्धा दिसू लागली होती.

पेशीला लोह खाऊ घालायचं कसं?

माण-खटावकडचे धनगर मेंढरं घेऊन उतरतात तेव्हा आपलं जनावर दुसऱ्याच्या कळपात ओळखू यावं म्हणून लोकरीवर रंगाची खूण करतात. पेशींचं तंत्र याच जातीचं. कळपात सोडण्याआधी खूण करायची. फरक एवढाच, की हा रंग वरून लावून भागत नाही, तो आत जावा लागतो.

काही पेशींना सांगावं लागत नाही. परका कण दिसला की गिळायचा, हेच भक्षक पेशींचं काम. मूलपेशी (स्टेम सेल) किंवा टी पेशी मात्र अशा अधाशी नसतात. त्यातून पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, लोहकणांवरही बहुधा ऋणच, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. यावर जी युक्ती निघाली ती शस्त्रक्रियागृहाच्या कपाटातून आली. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि काम झाल्यावर त्याचा परिणाम उतरवायला प्रोटामिन सल्फेट देतात. प्रोटामिन धन भाराचं आहे. ते लोहकणांत मिसळलं, की कणांचे छोटे पुंजके होतात, पेशीच्या अंगाला चिकटतात आणि पेशी त्यांना भोवतालच्या द्रवासकट आत ओढून घेते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या अली अरबाब आणि जोसेफ फ्रँक यांच्या गटाने ही रीत 2004 मध्ये मांडली. घटक आधीच औषध म्हणून मंजूर असल्याने ती लवकर रुळली.

प्रत्यक्ष काम बशीतच चालतं. वाढवलेल्या पेशींच्या पोषक द्रवात कण घालायचे, काही तास ते रात्रभर ठेवायचं, मग पेशी पुन्हा पुन्हा धुऊन बाहेर चिकटलेले कण काढून टाकायचे. नंतर थोड्या पेशी काचपट्टीवर घेऊन प्रशियन ब्लू नावाचा रंग द्यायचा. लोह असेल तिथे तो निळा होतो. दीडशेहून जास्त वर्षं विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा ऊतींमधलं लोह शोधायला हीच परीक्षा वापरतात. शेवटी, पेशी जिवंत आहेत का, वाढतात का आणि आपलं ठरलेलं काम करतात का, हे पाहायचं. ही तिसरी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची. 2004 मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जेफ बुल्टे यांच्या गटाला आढळलं, की लोह भरलेल्या मूलपेशी जिवंत राहिल्या, चरबी आणि हाड तयार करण्याकडे वळल्या, पण कूर्चा तयार करण्याची त्यांची क्षमता खालावली. गुडघ्याच्या कूर्चेसाठीच पेशी टोचायच्या असतील तर अशी खूण उपचाराच्याच मुळावर येईल.

एवढं लोह शरीराला झेपेल का, ही शंका साहजिक आहे. हिशेब करून पाहू. खूण केलेल्या एका पेशीत साधारण 10 ते 30 पिकोग्रॅम लोह बसतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एका तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये अवघं 0.1 पिकोग्रॅम लोह असतं, म्हणजे खूण केलेली पेशी शंभर ते तीनशे तांबड्या पेशींचं लोह वाहते. तरीही प्रत्येकी 20 पिकोग्रॅम धरून एक कोटी पेशी टोचल्या तर एकूण लोह होतं 0.2 मिलिग्रॅम. माणसाच्या शरीरात 3 ते 4 ग्रॅम लोह असतं आणि रक्ताच्या एका पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. त्यामुळे शरीराला भार होत नाही. पेशी मेल्यावर तिच्यातलं लोह शरीर वेचून घेतं आणि आपल्या नेहमीच्या साठ्यात टाकतं. लोहाची निवड झाली त्यामागे हेही मोठं कारण होतं.

खूण केली म्हणून काय कळलं?

माणसावरच्या पहिल्या प्रयोगाने एकदम झोपच उडवली. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांवरचं काम प्रसिद्ध केलं. रुग्णाच्याच डेन्ड्रिटिक पेशी बाहेर काढून, कर्करोगाविरुद्ध शिकवून तयार केल्या होत्या. त्या लस म्हणून लसिकाग्रंथीत टोचायच्या, म्हणजे तिथल्या संरक्षक पेशींना त्या धडा देतील. सुई सोनोग्राफीत बघून लावली होती, टोचणारे हात तरबेज होते. पेशींत लोह होतं आणि सोबत किरणोत्सारी इंडियमही. एमआरआय काढल्यावर दिसलं, की निम्म्या रुग्णांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या. किरणोत्साराच्या चित्रात जागा ढोबळ दिसते, त्यामुळे तिथे ही चूक नजरेस आली नाही. खूण नसती तर ‘या रुग्णांना लस लागू पडली नाही’ एवढीच नोंद झाली असती. खरं तर लस त्यांना मिळालीच नव्हती.

पुढच्याच वर्षी शांघायच्या हुआशान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मेंदूला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूतल्याच मूलपेशी वाढवून, लोहाची खूण करून, जखमेच्या कडेला टोचल्या. काळे ठिपके आधी टोचलेल्या जागी दिसले, नंतर जखमेच्या दिशेने सरकलेले आढळले आणि काही आठवड्यांनी पुसट होत गेले. जिनिव्हा आणि प्राग इथे टाइप-1 मधुमेहाच्या रुग्णांच्या यकृतात इन्सुलिन करणारे पेशीपुंज सोडले, तेही ठिपक्यांच्या रूपात दिसले.

प्राण्यांवरच्या आणखी एका निरीक्षणाचा आपल्या रुग्णांशी थेट संबंध आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेसेन्कायमल मूलपेशी आकाराने मोठ्या असतात, अनेकदा 15 मायक्रोमीटरहून जास्त. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांचा व्यास 5 ते 10 मायक्रोमीटर. त्यामुळे हाताच्या शिरेतून सोडलेल्या अशा पेशींचा मोठा हिस्सा हृदयातून निघून पहिल्याच फेरीत फुप्फुसात अडकतो. सलाईनमधून दिलेली मूलपेशी मेंदूपर्यंत किंवा पाठीच्या कण्यापर्यंत आपसूक पोचते, असं कुणी सांगत असेल तर वाटेत फुप्फुस आहे, हे त्याने सांगायचं राहून गेलेलं असतं.

खूण पत्ता सांगते, खुशाली सांगत नाही

एवढं असूनही ही तपासणी रोजच्या वापरात आलेली नाही, याला कारणं आहेत.

पहिलं कारण सगळ्यांत अवघड. मेंढरू दगावलं तरी त्याची रंगीत लोकर बोरीबाभळीला अडकून राहते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, जनावर तिथेच आहे. पेशींचंही असंच होतं. टोचलेली पेशी मेली की तिच्यातलं लोह आजूबाजूच्या भक्षक पेशी गिळतात आणि काळा ठिपका जागच्या जागी राहतो. उंदरांच्या हृदयात मूलपेशी टोचून केलेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांनंतरही ठिपके ठळक होते. हृदय कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा लोह सापडलं ते भक्षक पेशींत. टोचलेल्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. नुसत्या चित्रावर विसंबलं असतं तर उपचार यशस्वी म्हणून जाहीर झाला असता.

दुसरं कारण वाटणीचं. पेशी दुभागली की लोहही अर्धं अर्धं वाटलं जातं. 20 पिकोग्रॅमने सुरुवात केली तर दहा वेळा दुभागल्यावर प्रत्येक पेशीच्या वाट्याला येतं 0.02 पिकोग्रॅम, तांबड्या पेशीतल्या लोहाहूनही कमी. कार-टी पेशींचं यश त्या शरीरात किती पटींनी वाढतात यावरच अवलंबून असतं. शिवाय त्या आकाराने लहान, सुरुवातीलाच त्यांच्यात लोह कमी मावतं. म्हणजे उपचार जितका उत्तम लागू पडेल तितकी खूण लवकर पुसली जाईल.

तिसरं, काळं दिसण्याची इतरही कारणं असतात. जुना रक्तस्राव, हवा, कॅल्शियमचे साठे हेही काळेच दिसतात. मार लागलेल्या मेंदूत किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या स्नायूत रक्त सांडलेलं असतंच. तिथला कोणता ठिपका कोणाचा, हे ठरवताना अनुभवी रेडिओलॉजिस्टही अडतो.

चौथं कारण निव्वळ बाजाराचं. यकृतातल्या गाठी पाहण्यासाठी लोहकणांचं ‘फेरिडेक्स’ हे औषध अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झालं होतं. पेशींवरचं सुरुवातीचं बहुतेक काम त्यावरच झालं. पण यकृतासाठी गॅडोलिनियमची औषधं सरस ठरली, मागणी आटली आणि कंपनीने ते बंद केलं. संशोधकांच्या हातचं मंजूर साधन गेलं. मग त्यांनी ‘फेरुमॉक्सिटॉल’ हाती घेतलं. हे औषध 2009 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते मूत्रपिंडाच्या रुग्णांचा पंडुरोग घालवण्यासाठी, लोहाचं इंजेक्शन म्हणून. 2012 मध्ये हेपारिन, प्रोटामिन आणि फेरुमॉक्सिटॉल यांचं मिश्रण करून पेशींत लोह भरण्याची रीत प्रसिद्ध झाली. तिन्ही औषधं मंजूर असली तरी पेशीला खूण करण्यासाठी मंजूर त्यातलं एकही नाही.

दुसऱ्या वाटा

लोहाची गफलत टाळण्यासाठी एरिक आरेन्स यांच्या गटाने 2005 मध्ये फ्लोरिनचा मार्ग दाखवला. हाडं आणि दात सोडले तर शरीरात फ्लोरिन जवळपास नसतं आणि हाडादातांतलं घट्ट बांधलेलं असल्यामुळे ते चित्रात येत नाही. पेशींत फ्लोरिनयुक्त तेलकट थेंब भरले आणि यंत्र फ्लोरिनच्या कंप्रतेवर लावलं, तर जो संकेत येईल तो फक्त त्या पेशींचा. पार्श्वभूमी कोरी असल्याने पेशी मोजताही येतात. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ही रीत वापरल्याचं 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. उणीव एकच. एका जागी हजारो पेशी जमल्याशिवाय संकेत पुरेसा मिळत नाही.

दुसरी वाट जनुकांची. पेशीत फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाचं जादा जनुक घातलं, तर ती स्वतःच लोह गोळा करून स्वतःला खूण करते. दुभागल्यावर नव्या पेशीलाही ती खूण मिळते आणि पेशी मेली की खूण करणं थांबतं. पत्ता आणि खुशाली दोन्ही एकदम कळण्याची आशा इथेच आहे. पण संकेत क्षीण असतो आणि माणसाला द्यायच्या पेशीत आणखी एक जनुक घालण्यास परवानगी मिळणं सोपं नसतं.

तिसरी वाट नवं यंत्र बनवण्याची. बर्नहार्ड ग्लाइख आणि युर्गेन वाइझेनेकर यांनी 2005 मध्ये चुंबकीय कणांचंच थेट चित्र काढणारी पद्धत मांडली. त्यात पाणी दिसतच नाही, फक्त लोहकण उजळ दिसतात. प्राण्यांसाठी अशी यंत्रं मिळतात, माणसाच्या आकाराची अजून संशोधनाच्या टप्प्यात आहेत.

आपल्या परिसरात

लोहाच्या नॅनोकणांचं काम आपल्याकडे परकं नाही. मलकापूरहून महामार्गाने दीड-दोन तासांवर असलेल्या कोल्हापुरात, डी. वाय. पाटील विद्यापीठातल्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने चुंबकीय नॅनोकणांवर बरेच शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. त्यांचा रोख होता कर्करोगाची गाठ तापवण्यावर. उलटसुलट बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात. गाठीचं तापमान साधारण 42 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत नेलं, की कर्करोगाच्या पेशी कमकुवत होतात. आयआयटी मुंबईत प्रा. धीरेंद्र बहादूर यांच्या गटानेही याच दिशेने दीर्घ काळ काम केलं. कण तापवण्यासाठी असो वा एमआरआयमध्ये दिसण्यासाठी, त्याचा आकार एकसारखा ठेवणं, तो पाण्यात न बसता तरंगता ठेवणं, त्याला पेशीला न बोचणारं वेष्टण देणं, ही सगळी कारागिरी सारखीच लागते. रसायनशास्त्राचा हा पाया पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत तयार आहे. पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळा आणि एमआरआय यंत्रं असलेली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडून घेतली, तर प्राण्यांवरच्या अभ्यासासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज उरणार नाही. कार-टीसारखा उपचार मुंबईत तयार होऊ शकतो, तर त्या पेशींचा माग काढण्याची साधनंही इथे घडायला हवीत.

टोचून घेण्याआधी विचारा

सामान्य वाचकाने यातून काय घ्यायचं? आज गावोगाव ‘स्टेम सेल’ हा शब्द पोचला आहे. गुडघेदुखी, लकवा, मुलाचं स्वमग्नपण, मणक्याचा मार, कशावरही मूलपेशींची इंजेक्शनं सुचवली जातात आणि त्यासाठी लोक जमीन गहाण टाकतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे रुळलेले उपचार आणि नियामकाने मंजूर केलेली मोजकी उत्पादनं सोडली तर मूलपेशींचा माणसावरचा प्रत्येक वापर हे संशोधन मानलं जातं. संशोधनासाठी नैतिकता समितीची परवानगी लागते, भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदणीत म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंद लागते आणि अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

म्हणून पेशी टोचून घ्यायचा सल्ला मिळाला तर चार प्रश्न विचारावेत. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? पेशी कोणाच्या, कुठे वाढवलेल्या? टोचल्यावर त्या हव्या त्या जागी पोचतात, हे कशावरून? आणि तिथे जिवंत राहून काम करतात, याचा पुरावा काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायला जगातल्या उत्तम प्रयोगशाळांना किती सायास पडतात, ते वर आलंच आहे. त्यामुळे ‘पेशींना आपोआप कळतं कुठे जायचं ते’ असं उत्तर मिळालं, तर तिथून उठावं.

एमआरआयला जाताना, कॉन्ट्रास्ट द्यायचा असो वा नसो, मूत्रपिंडाचा आजार, पेसमेकर, शरीरातली धातूची वस्तू, पूर्वी कॉन्ट्रास्टने झालेला त्रास आणि नुकतंच शिरेतून घेतलेलं लोहाचं इंजेक्शन, हे सगळं तंत्रज्ञाला न विसरता सांगावं. फेरुमॉक्सिटॉलसारख्या लोहाच्या औषधाचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत चित्रात दिसू शकतो. आणि पेशी टोचण्याच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मिळाला तर तो घरी येऊन सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. त्याला पैसे पडत नाहीत, आणि सही करण्याआधी तेवढा वेळ मागून घेण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.